रुग्णशय्येपर्यंत ग्रंथालय
(ग्रंथपाल दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात ग्रंथालय विभागाच्या वतीने केलेले भाषण)



१२ ऑगस्ट हा दिवस डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त आपल्या देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. या दिवशी आम्हांला चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल आम्ही व्यवस्थापनाचे ऋणी आहोत. गेल्या अंदाजपत्रकी बैठकीत एका विश्वस्त महोदयांनी आपुलकीनेच एक प्रश्न विचारला होता : "आता सारे काही मोबाईलवर मिळते, मग रुग्णालयाला ग्रंथपालाची गरज काय?" प्रश्न रास्त आहे. देणगीदारांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत प्रत्येक पदाला आपली उपयुक्तता सिद्ध करावीच लागते. आजचे निवेदन म्हणजे त्या प्रश्नाचे आमच्या परीने दिलेले उत्तर आहे.

आरंभ आमच्याच एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आपल्या एका निवासी डॉक्टरांनी विंचूदंशाविषयीच्या प्रबंधासाठी पूर्वीचे लेख शोधून मागितले. आम्ही विंचवाचे प्रचलित शास्त्रीय नाव संगणकात घातले, जी यादी आली ती छापली आणि समाधानाने त्यांच्या हाती दिली. ती पाहून आपल्या ज्येष्ठ फिजिशियन सरांनी एवढेच विचारले, "प्राझोसिनचा तो जुना लेख यात कुठे आहे?" तो त्या यादीत नव्हता.

महाडला राहून विंचूदंशाच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयी लिहिले. पुढे २०११ मध्ये त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी केलेली चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ प्राझोसिन देण्यापेक्षा प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर बरे होतात, असे तीत दिसून आले. कोकणातल्या रुग्णांवरील हे काम कोकणातल्याच डॉक्टरांनी जगापुढे मांडले, आणि आमच्या यादीतून त्याचा महत्त्वाचा भाग निसटला. कारण साधे होते. आपल्याकडील लाल विंचवाचे शास्त्रीय नाव काळानुसार बदलत गेले आहे : आधी ब्युथस टॅम्युलस, नंतर मेसोब्युथस टॅम्युलस आणि आता हॉटेन्टोटा टॅम्युलस. विंचू तोच, परंतु एकाच नावाने शोधणाऱ्याला उरलेल्या नावांखालचे लेख सापडत नाहीत. आम्ही ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली तेव्हा वर्गीकरण व तालिकीकरण शिकलो होतो. वैद्यकीय प्रश्नाचा शोध कसा घ्यावा, हे मात्र आम्हांला कोणी शिकवले नव्हते.

अशा त्रुटीची किंमत कधी कधी फार मोठी असते. २००१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे दम्यासंबंधीच्या एका प्रयोगात हेक्झामेथोनियम हे द्रव्य श्वासावाटे घेतलेली चोवीस वर्षांची निरोगी स्वयंसेविका मृत्युमुखी पडली. या द्रव्याने फुप्फुसांना इजा होऊ शकते, असे सुचविणारे लेख १९५० च्या दशकातच प्रसिद्ध झालेले होते. परंतु संशोधकांनी ज्या पबमेडमध्ये शोध घेतला, त्यातील नोंदी तेव्हा १९६६ पर्यंतच मागे जात होत्या. माहिती ग्रंथालयांच्या कपाटांत होती. ती वेळेवर कोणाच्या हाती आली नाही. शोध कोठवर पोहोचतो आणि कोठे थांबतो, हे जाणणारा माणूस संशोधनाच्या आरंभीच हवा, हा धडा त्या घटनेने वैद्यकीय जगाला दिला.

वैद्यकीय वाङ्मयाची सूची करण्याचे काम जुने आहे. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये 'इंडेक्स मेडिकस' सुरू केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६० मध्ये 'मेश' ही वैद्यकीय विषयशीर्षकांची यादी प्रसिद्ध केली, तर त्याच संस्थेचे पबमेड १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुले झाले. साधन विनामूल्य झाले, तरी ते वापरण्याचे कौशल्य आपोआप येत नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातून निघणारे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' आज कोणालाही मोफत वाचता येते. पण नेमका कोणता लेख वाचावा, हे आधी कळावे लागते.

ग्रंथपालाने ग्रंथालयाबाहेर पडून रुग्णशय्येपर्यंत जावे, ही कल्पनाही नवी नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी गर्ट्रूड लॅम्ब यांनी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे वैद्यकीय ग्रंथपालांना डॉक्टरांच्या फेरीत सहभागी करून घेतले. फेरीत उद्भवलेला प्रश्न ग्रंथपालाने टिपून घ्यावा आणि त्यावरील लेख शोधून आणून द्यावेत, अशी ही पद्धत होती. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर परिसरात २०८ डॉक्टरांच्या मदतीने केलेला एक अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयीन ग्रंथालयाने पुरविलेल्या माहितीमुळे रुग्णाच्या उपचारात काही ना काही बदल केल्याचे त्यांपैकी सुमारे ८० टक्के डॉक्टरांनी सांगितले होते.

आता आमच्या हाताशी असलेल्या साधनांविषयी थोडे सांगतो. पहिले साधन म्हणजे प्रश्न नीट मांडणे. रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि अपेक्षित परिणाम काय, अशा चार भागांत प्रश्न लिहून घेतला की अर्धे काम होते. दुसरे साधन म्हणजे शोधनीतीची तपासणी. डॉक्टरांचा लेख जसा दुसरे तज्ज्ञ तपासतात, तशी एका ग्रंथपालाची शोधनीती दुसऱ्याने तपासावी, यासाठी 'प्रेस' नावाची तपासणीसूची आहे. तिची सुधारित आवृत्ती २०१५ मध्ये आली. विंचवाच्या नावाची आमची चूक अशा तपासणीत पहिल्याच फेरीला सापडली असती. तिसरे साधन म्हणजे शोधाची नोंद. कोणत्या दिवशी, कोठे, कोणते शब्द घालून शोध घेतला, हे कसे लिहावे याची 'प्रिझ्मा-एस' ही मार्गदर्शिका २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. चौथे साधन म्हणजे २००६ पासून विनामूल्य उपलब्ध असलेले 'झोटेरो'. संदर्भ नीट लावून ठेवण्याबरोबरच, मागे घेतल्या गेलेल्या लेखांची सूचनाही ते देते.

ही शेवटची सोय क्षुल्लक नाही. २०२० मध्ये कोविडच्या ऐन साथीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयीचा एक लेख 'लॅन्सेट'मध्ये २२ मे रोजी प्रसिद्ध झाला आणि ४ जून रोजी मागे घेतला गेला. मधल्या दोन आठवड्यांत तो छापून घेतलेल्या वाचकाला पुढचे कोण सांगणार? अलीकडे तर संगणकीय संवादसाधने अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे संदर्भ मोठ्या विश्वासाने तयार करून देतात. लेखकांची नावे खरी वाटतात, नियतकालिकही खरे असते. लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नसतो. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या प्रबंधातील प्रत्येक संदर्भ मूळ नोंदीशी ताडून पाहण्याचा परिपाठ आम्ही ठेवला आहे.

या विद्येचे शिक्षण एकदा घेऊन संपत नाही. अमेरिकेतील मेडिकल लायब्ररी असोसिएशन १८९८ पासून वैद्यकीय ग्रंथपालांसाठी कार्य करीत आहे. ग्रंथपालांनी आपल्याच कामाचे पुराव्यानिशी परीक्षण करावे, या हेतूने २००६ मध्ये कॅनडातून सुरू झालेले 'एव्हिडन्स बेस्ड लायब्ररी अँड इन्फर्मेशन प्रॅक्टिस' हे नियतकालिक मोफत वाचता येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे पबमेडविषयीचे पाठही मोफत आहेत. त्यांसाठी पैसा फारसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि देवघेवीच्या खिडकीवर बसलेल्या माणसाजवळ तोच नसतो.

आणखी एक अडचण नम्रपणे नोंदवतो. केंद्र शासनाची 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तिच्याद्वारे ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध झाली. परंतु पहिला टप्पा शासकीय संस्थांसाठी आहे. आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना खुली नियतकालिके, अन्य ग्रंथालयांशी असलेले स्नेहसंबंध आणि लेखकांना पाठविलेली विनंतीपत्रे यांवरच बरेचसे विसंबावे लागते. जिथे साधने तोकडी असतात, तिथे शोधणाऱ्याचे कौशल्य अधिक लागते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आमच्या चार विनंत्या आहेत. वर्षातून एकदा आमच्यापैकी एकाला बाहेरील प्रशिक्षणासाठी पाठवावे. आठवड्यातील दोन तास अध्ययनासाठी राखून द्यावेत. आठवड्यातून एका फेरीत आम्हांला डॉक्टरांसमवेत उभे राहू द्यावे. आणि नैतिकता समितीकडे जाणाऱ्या प्रत्येक संशोधन प्रस्तावाला पूर्वप्रकाशित लेखांच्या शोधाची स्वाक्षरीसह नोंद जोडणे आवश्यक करावे. चौथ्या विनंतीमुळे आमची जबाबदारी वाढणार आहे, याची आम्हांला जाणीव आहे. शोध अपुरा राहिल्यास त्याखाली आमची सही असेल.

वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे, असे रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवले. रुग्णालयात वाचकाचा वाचलेला वेळ अखेर रुग्णाच्या पदरी पडतो. ते निवासी डॉक्टर आज एका ग्रामीण भागात सेवा करीत आहेत. तीनही नावांनी नव्याने केलेली यादी आम्ही त्यांना दिली, तेव्हा त्यांनी तिची एक प्रत तातडीच्या सेवाकक्षासाठी मागून घेतली. "मोबाईलवर सारे मिळते" हे खरेच आहे. त्या यादीतला बहुतेक प्रत्येक लेख मोबाईलवर होता. तो कोणत्या नावाने शोधायचा, एवढेच काय ते कोणाला तरी ठाऊक असावे लागते.