दोन माश्या : एक वैरीण, एक सोबतीण

आज आपल्या परसबागेतल्या दोन माश्यांविषयी बोलूया.

पहिली फळमाशी. कारलं वाकडं होतं, अवेळी पिवळं पडतं, चिरलं की आत पांढऱ्या अळ्या वळवळतात. ही सगळी हिची करणी. रंगानं तांबूस, अंगावर पिवळ्या खुणा. कोवळ्या फळाच्या सालीला टोचून ती आत अंडी घालते. अळ्या गर खातात, फळ सडून गळतं. मग अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि त्यातून नव्या माश्या निघतात. अळी फळाच्या पोटात असते, म्हणून वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही.

दुसरी सिरफिड माशी. काळे-पिवळे पट्टे, म्हणून मधमाशीच वाटते. पण मधमाशीला चार पंख, हिला दोनच. ही डंख मारत नाही. फुलासमोर हवेत एका जागी थांबून राहते. स्वतः मध आणि पराग खाते, पण अंडी घालते माव्याजवळ. तिची हिरवट, बिनपायाची अळी छोट्या जळूसारखी दिसते आणि शेकडो मावा फस्त करते.

मागं माझ्या चवळीवर मावा आला होता. त्यात या अळ्या दिसल्या. मला वाटलं, हीसुद्धा कीडच! घाईनं औषध फवारलं. मावा मेला, अळ्याही मेल्या. थोड्या दिवसांनी मावा परत आला, पण त्याला खाणारं कुणी उरलं नव्हतं.

म्हणून फवारणीआधी पान उलटून बघा. माव्यात अशा अळ्या दिसल्या तर पंप खाली ठेवा. बांधाला थोडी कोथिंबीर, बडीशेप, मोहरी फुलू द्या. त्या फुलांवर ही माशी येते.

फळमाशीसाठी मात्र किडकी, गळलेली फळं रोज वेचा. ती उकिरड्यावर टाकू नका, दोन फूट खोल पुरा. वेलाखालची माती अधूनमधून हलवा. काकडी, दोडका, कारल्यासाठी क्यू-ल्यूरचा सापळा मिळतो, त्यात नर माश्या अडकतात. पण एकटीनं सापळा लावून भागत नाही. शेजारणीच्या वेलावरची माशी आपल्याकडं येतेच. सगळ्या गटानं मिळून लावा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या बागेत काय दिसलं ते सांगायचं. येताय ना?