“एक वर्ष काढते, मग कॉलेज बदलते!”

(रौप्यमहोत्सवी वर्षातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)

अध्यक्ष, सेक्रेटरी काका, आणि ज्यांच्या खिडक्यांच्या काचा आम्ही क्रिकेट खेळताना फोडल्या ते सगळे काका-काकू!

सेक्रेटरी काकांचा फोन आला, “अमेरिकेत शिकून आलीस, मुलांना चार गोष्टी सांग.” यशाच्या गोष्टी इथे बरेच जण सांगतील. मी माझी चूक सांगते.

बारावीनंतर तिथल्या नामांकित विद्यापीठांनी मला नकार दिला. एका साध्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. बाबांनी इथला फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढलं. त्याचं ना हरकत पत्र आपल्याच सोसायटीच्या ऑफिसातून गेलं. मी आईला म्हटलं, “एक वर्ष काढते, मग ट्रान्स्फर घेऊन मोठ्या ठिकाणी जाते.”

पहिल्या सेमिस्टरला उत्तम गुण मिळाले. पाच ठिकाणी अर्ज केले. पाचही नकार!

का, ते नंतर कळलं. पहिल्याच वर्षी अर्ज करताना हातात एका सेमिस्टरचेच गुण असतात. म्हणून ते पुन्हा शाळेचे गुण बघतात, म्हणजे ज्यांवर आधी नकार मिळाला तेच! दुसरं म्हणजे जागा. अशा विद्यापीठांत एकदा शिरलेला विद्यार्थी सहसा सोडून जात नाही, मग रिकाम्या जागा येणार कुठून? हार्वर्डने २००८ मध्ये वसतिगृहांत जागा नाही म्हणून दोन वर्षं ट्रान्स्फर बंदच ठेवली होती. प्रिन्स्टनने १९९० नंतर थेट २०१८ मध्ये असे विद्यार्थी घेतले, तेही मोजकेच.

मग हा रस्ता बंदच आहे का? नाही. आपल्या बी विंगमधला एक मुलगा माझ्यापेक्षा शहाणा निघाला. तो कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात गेला. ही दोन वर्षांची सरकारी कॉलेजं, फीही बरीच कमी. तिथून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात तिसऱ्या वर्षाला जायची वाट मुद्दाम बांधलेली आहे. तिच्या डेव्हिस, अर्व्हाइनसारख्या सहा शाखा ठरलेले विषय आणि ठरलेले गुण असतील तर प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो ती देत नाहीत आणि मागणीचे काही विषयही त्यात नसतात. तरीसुद्धा यूसीएलएमध्ये शाळेतून थेट अर्ज करणाऱ्या शंभरातल्या नऊ-दहा जणांना प्रवेश मिळतो, तर ट्रान्स्फरवाल्या चौघांतल्या साधारण एकाला. मात्र त्यांतले बहुतेक त्याच राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांचे. दुसऱ्या राज्यातल्या चार वर्षांच्या विद्यापीठातून येणाऱ्याला ही वाट तितकी मोकळी नाही.

तेव्हा पालकांनो, “शक्यता किती?” हा प्रश्न अर्धाच आहे. “कुठून कुठे?” हेही विचारा. कोणते विषय मोजले जातील? पदवीला वर्ष जास्त लागेल का? आर्थिक मदत ट्रान्स्फर घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनाही आहे का? हे सगळं जायच्या आधी त्या विद्यापीठाकडून लेखी घ्या. कर्ज आपलं आहे, समज दुसऱ्याचा नको.

आणि मुलांनो, माझं खरं नुकसान नकारांनी झालं नाही. जायचंच आहे म्हणून मी वर्षभर मैत्रिणी केल्या नाहीत, कुठल्या प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या वर्षी नाइलाजाने एका प्राध्यापकांकडे काम मागितलं. पुढे पहिली नोकरी मिळाली ती त्यांच्याच शिफारशीवर. तेच मी वर्षभर आधी करू शकले असते!

ट्रान्स्फरचा प्रयत्न जरूर करा. पण जिथून पदवी घ्यायची मनाची तयारी नाही, तिथे फक्त बदलीच्या भरवशावर जाऊ नका.

कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र बाबांनी गेल्या वर्षी सेक्रेटरी काकांच्या हातात दिलं. काकांनी ते फाइलला लावलं आणि आम्हाला चहा पाजला. सोसायटीच्या पंचवीस वर्षांत अशा किती घरांची पत्रं त्या फाइलमध्ये असतील! त्या सगळ्या आई-बाबांना नमस्कार करून मी थांबते.