आराखड्यात बोटीची नोंद आहे, माणसाची नाही

(पहिल्या पिढीतील पदवीधरांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी एका नगरपरिषदेत लिपिक आहे. घरातला पहिला पदवीधर. वडील दुसऱ्या एका नगरपरिषदेत कंत्राटी सफाई कामगार होते.

मी दहावीत असताना गावात पूर आला. आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. मुकादम दारात आला आणि वडील बाजारपेठेतला गाळ काढायला गेले. पायात साधी चप्पल. तिसऱ्या दिवशी परतले तेव्हा तळपायाची जखम चिघळली होती. पुढचे पंधरा दिवस बिनपगारी गेले. आमच्या गल्लीतला गाळ आईनं आणि मी काढला.

नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात आपत्ती व्यवस्थापन आराखडा टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. साहेबांनी जुनी फाइल दिली आणि म्हणाले, "तारखा तेवढ्या बदला." त्यात बोट, जेसीबी, पंप, जनरेटर सगळं होतं. किती, कुठे ठेवलंय, चालकाचा फोन नंबर काय. शेवटी एक ओळ : ‘सफाई कामगार – आवश्यकतेनुसार’. माझे वडील त्या ‘आवश्यकतेनुसार’मध्ये होते.

मित्रमैत्रिणींनो, ही एका गावाची गोष्ट नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नागपट्टिणमला मृतदेह उचलायला बाहेरच्या शहरांतून सफाई कामगार आणले गेले. त्यात बहुतेक दलित होते. त्याच किनाऱ्यावर दलित कुटुंबांना मदतीत डावललं गेलं, छावण्यांत दूर ठेवलं गेलं. मानवी हक्क संघटनांनी हे तेव्हाच नोंदवून ठेवलं आहे.

वर्षभरात आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आला. त्याचं कलम ६१ सांगतं की भरपाई आणि मदत देताना जात, लिंग, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम पाठ करा. पण ते मदत घेणाऱ्याबद्दल बोलतं. घाणीत कोणाला उतरवायचं, काय घालून उतरवायचं, यावर ते गप्प आहे. ते ठरतं आराखड्यात. आणि आराखडा गप्प राहिला की जात ठरवते.

कलम ३२ प्रमाणे स्थानिक संस्थेनंही आपला आराखडा करायचा असतो. कलम ४१ प्रमाणे कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं असतं. संकटात पाणी, दवाखाना, सफाई, जन्ममृत्यूची नोंद यांतलं काय थांबू द्यायचं नाही, ते कोण करणार आणि तो माणूसच पुरात अडकला तर त्याच्या जागी कोण, हे आधी लिहून ठेवणं म्हणजे नियोजन. ज्याचं घर आधी बुडतं त्याच्याच भरवशावर शहराची सफाई उभी असेल, तर त्याचं घर आधी सुरक्षित करणं हा उपकार नाही. तो आराखड्याचा पाया आहे.

मी त्या ओळीच्या जागी तक्ता टाकला : कामगारांची संख्या, गमबूट, हातमोजे, धनुर्वाताची लस, लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्या, पाळी, बदली माणूस, कुटुंबाला हलवायची जागा, जखमी झाल्यास पगारी रजा. गमबूट आणि लस मंजूर झाली. पगारी रजेवर शेरा आला : ‘ठेकेदाराचा विषय’. दरवर्षी मी तो रकाना पुन्हा टाकतो.

तुम्ही सगळे नगरपरिषदेत नोकरीला लागणार नाही. पण माहिती अधिकाराचा अर्ज लिहिता येतो ना? पावसाळ्याआधी आपल्या गावाचा आराखडा मागा. चार गोष्टी बघा. आपली वस्ती पूररेषेच्या नकाशावर आहे का? निवारा कोणत्या इमारतीत आहे, आणि तिथे आपल्या बायाबापड्यांना कुणी अडवणार नाही ना? कंत्राटी कामगार यादीत आहेत का? घर पडलं पण जागेचा कागदच नाही, अशा कुटुंबाचा पंचनामा कसा होणार? उत्तर नसेल तर ग्रामसभेत विचारा, नगरसेवकाला लेखी द्या, पोच घ्या.

आपल्या आईबापांना कागद वाचता येत नव्हता, म्हणून त्यांच्याविषयी काहीही लिहिलं गेलं, किंवा लिहिलंच गेलं नाही. आपल्याला वाचता येतं. पाणी चढायच्या आधी वाचूया.

जय भीम.