एकदा शस्त्रक्रिया, कायमची शस्त्रक्रिया?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

पहिले मूल सिझेरियनने झालेली स्त्री दुसऱ्या खेपेस दवाखान्याची पायरी चढते, तेव्हा तपासणीच्या आधीच तिला उत्तर मिळते : "आता सिझेरियनच." या एका वाक्याचा विचार राजकीय कार्यकर्त्यांच्या वर्गात कशासाठी, असे कोणी विचारील. बाळंतपण ही घरची गोष्ट आणि शस्त्रक्रिया ही डॉक्टरची. पक्षाचा तिथे काय संबंध? संबंध असा की, ज्या निर्णयाचे घाव एका माणसाच्या देहावर उमटतात, तो निर्णय त्या माणसाला न विचारता एखादी संस्था आपल्या सोयीने घेऊ लागली की तो केवळ वैद्यकाचा प्रश्न राहत नाही. तो सत्तेचा प्रश्न होतो. आणि सत्तेचा प्रश्न ज्यांनी आपला मानला आहे, त्यांना त्याकडे पाठ फिरवता येत नाही.

या प्रश्नाचा सर्वांत बोधप्रद इतिहास अमेरिकेत घडला. 1916 साली न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांनी आपल्या व्यवसायबंधूंपुढे एक सूत्र मांडले : एकदा सिझेरियन, म्हणजे कायमचे सिझेरियन. पुढे हे सूत्र आज्ञा म्हणून वापरले गेले; क्रेगिन यांनी मात्र ते इशारा म्हणून उच्चारले होते. पहिलीच शस्त्रक्रिया विचारपूर्वक करा, कारण तिचे ओझे त्या स्त्रीला पुढील प्रत्येक बाळंतपणात वाहावे लागेल, असा त्यांचा आशय होता. त्या काळी गर्भाशयावर उभा छेद घेत असत. असा व्रण कळांच्या ताणाने उसवण्याचे भय मोठे होते. 1920च्या दशकात ग्लासगोच्या मनरो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. ही पद्धत जगभर रूढ झाली आणि व्रण उसवण्याचा धोका पुष्कळच उतरला. ज्या परिस्थितीतून सूत्र जन्मले ती परिस्थिती पालटली. सूत्र तेवढे शिल्लक राहिले.

1970 साली अमेरिकेत शंभरातील साडेपाच बाळंतपणे सिझेरियनने होत. 1988पर्यंत हे प्रमाण पंचविसाच्या घरात गेले. 1980 साली तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली आणि सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न योग्य स्त्रियांच्या बाबतीत स्वीकारार्ह असल्याचा निर्वाळा दिला. याच सुमारास स्त्रियाही संघटित होऊ लागल्या. 1982 साली न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे अनावश्यक सिझेरियनविरुद्ध चळवळ उभी राहिली. शास्त्राचा कौल आणि स्त्रियांचा रेटा यांचा मिळून परिणाम असा झाला की, 1996 साली पूर्वी सिझेरियन झालेल्या शंभर स्त्रियांपैकी अठ्ठावीस नैसर्गिक रीतीने बाळंत झाल्या.

या यशाला डाग नव्हता असे नाही. खर्च वाचतो म्हणून काही विमायोजनांनी या प्रयत्नाचा आग्रहच धरला; स्त्रीची इच्छा नसताना, प्रकृती अनुकूल नसतानाही धरला. कृत्रिमरीत्या कळा आणणारी औषधे सढळ हाताने वापरली गेली. काही ठिकाणी व्रण उसवले, मुले दगावली, खटले झाले. 2001 साली वॉशिंग्टन राज्यातील नोंदींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपोआप कळा आलेल्या हजार स्त्रियांपैकी सुमारे पाच जणींचे गर्भाशय उसवले. प्रोस्टाग्लँडिन जातीच्या औषधाने कळा आणलेल्यांत हे प्रमाण हजारी चोवीसहून अधिक होते. धडा उघड होता : औषध जपून वापरा, स्त्रीची निवड काळजीपूर्वक करा. रुग्णालयांनी मात्र निराळाच धडा घेतला. त्यांनी दारच बंद केले.

या बंदीला आधार सापडला तो एका शब्दाचा. आणीबाणीत शस्त्रक्रिया करू शकणारा डॉक्टर 'सहज उपलब्ध' असावा, असे पूर्वी सांगितले जात असे. 1999 साली अमेरिकेच्या प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने त्या जागी 'तत्काळ उपलब्ध' असा शब्द घातला. ही शिफारस तज्ज्ञांच्या मतावर आधारलेली होती. तिच्यामागे भक्कम प्रयोगसिद्ध पुरावा नव्हता. पण लहान गावांतील रुग्णालयांना चोवीस तास शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ जागेवर बसवून ठेवणे परवडणारे नव्हते, मोठ्यांना खटल्याचे भय होते, आणि काही विमा कंपन्यांनी असे बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरला संरक्षण देण्याचे नाकारले. 2009 साली सिझेरियनविरोधी चळवळीतील स्त्रियांनी देशभरातील रुग्णालयांना दूरध्वनी करून पाहणी केली, तेव्हा जवळजवळ निम्म्या रुग्णालयांत एकतर लेखी बंदी होती किंवा असे बाळंतपण करणारा डॉक्टरच नव्हता. अठ्ठावीस टक्क्यांचे प्रमाण 2006पर्यंत साडेआठ टक्क्यांवर घसरले होते.

आता धोक्याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण अर्धा हिशेब सांगणे हा दोन्ही बाजूंना जडलेला दोष आहे. 2010 साली राष्ट्रीय आरोग्य संस्थेने पुन्हा परिषद भरवून उपलब्ध अभ्यासांची छाननी केली. नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या एक लाख स्त्रियांत सुमारे 468 जणींचे गर्भाशय उसवते; ठरवून पुन्हा सिझेरियन करणाऱ्यांत सुमारे 26 जणींचे. जन्माच्या आगेमागे दगावणारी बालके पहिल्या गटात लाखी 130, तर दुसऱ्या गटात 50. म्हणजे बालकाच्या दृष्टीने प्रयत्नात धोका अधिक आहे, आणि तो लपवता कामा नये. पण मातेच्या मृत्यूचे प्रमाण पाहिले तर पारडे उलटते : प्रयत्न करणाऱ्यांत लाखी 3.8, ठरवून शस्त्रक्रिया करणाऱ्यांत 13.4. प्रयत्न करणाऱ्या शंभरांपैकी सुमारे 74 स्त्रिया सुखरूप नैसर्गिक रीतीने बाळंत होतात. आणि शस्त्रक्रियांची संख्या वाढते तसतसे वार गर्भाशयाच्या भिंतीत रुतून बसण्याचे संकट वाढत जाते. वार गर्भाशयाच्या मुखावर आलेली असेल, तर पहिल्या सिझेरियनच्या वेळी हे संकट शंभरात तिघींवर येते, दुसऱ्याच्या वेळी अकरा जणींवर, तिसऱ्याच्या वेळी चाळीस जणींवर. अशा वेळी रक्तस्राव इतका होतो की जीव वाचवण्यासाठी गर्भाशयच काढावे लागते.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. दोन्ही वाटा निर्धोक नाहीत. एकीचा धोका आजचा आहे, दुसरीचा पुष्कळसा उद्याचा. जिला आणखी मूल नको तिचा कौल एक असू शकेल, जिला हवे आहे तिचा दुसरा. ही तुलना ज्या स्त्रीच्या आयुष्याची आहे, तिनेच ती करावी. रुग्णालयाची बंदी नेमकी ही तुलना तिच्या हातून काढून घेते.

बंदीच्या समर्थनार्थ सांगितले जाते की, साधने नाहीत म्हणून नकार देणे ही जबाबदारीची जाणीव आहे. हा युक्तिवाद वरकरणी सयुक्तिक वाटतो. परंतु नाळ बाहेर सरकणे, वार अवेळी सुटणे, बाळाचे ठोके एकाएकी मंदावणे ही संकटे पूर्वी कधीही शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रीवरही येतात, आणि त्यांनाही तत्काळ शस्त्रक्रियाच लागते. व्रण उसवल्यास ज्या रुग्णालयाला वेळेवर शस्त्रक्रिया करता येणार नाही, त्याला या संकटांतही ती करता येणार नाही. मग उरलेल्या साऱ्या स्त्रियांना ते कोणत्या भरवशावर दाखल करून घेते? साधने अपुरी असतील तर ती सर्वांसाठी अपुरी आहेत, आणि त्यावरचा उपाय साधने वाढवणे हा आहे.

2010 साली त्याच महाविद्यालयाने आपली भूमिका सौम्य केली. निर्बंधांचा वापर करून कोणाही स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध शस्त्रक्रियेस भाग पाडू नये, असे त्याने स्पष्ट म्हटले. 2018पर्यंत प्रमाण तेरा टक्क्यांवर आले. एकदा बंद केलेले दार इतक्या सावकाश उघडते. भेदभावाचेही एक उदाहरण नोंदवण्याजोगे आहे. प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता काढण्यासाठी 2007पासून एक गणिती कोष्टक प्रचारात आले. त्यात स्त्री कृष्णवर्णीय किंवा स्पॅनिशभाषक वंशाची असल्यास तिची शक्यता आपोआप कमी धरली जाई. दारिद्र्य आणि विषमता यांचे परिणाम वंशाच्या माथी मारून तेच पुढच्या स्त्रीला नकार देण्याचे कारण ठरत होते. टीका झाली आणि 2021 साली वंशाचा तो रकाना काढून टाकण्यात आला. संख्येलाही पक्षपात असतो, हे विसरता येत नाही.

बंदीच्या काळात तेथील स्त्रियांनी काय केले? काही जणी दूरच्या शहरी जाऊन राहिल्या. ज्यांच्या गाठीला पैसा होता त्यांनाच हे साधले. काहींनी घरीच बाळंत होण्याचे ठरवले, म्हणजे सुरक्षिततेच्या नावाने घातलेल्या बंदीने त्यांना अधिक असुरक्षित जागी ढकलले. काहींनी रुग्णालयाचा नियम लेखी मागितला, त्याला लेखी आक्षेप घेतला आणि शस्त्रक्रियेस नकार देण्याचा आपला हक्क नोंदवला. 1990 साली कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने गर्भवती स्त्रीच्या देहाविषयीचा निर्णय जवळजवळ सर्वच प्रसंगी तिचाच राहील, असे म्हटले होते. त्याचा त्यांना आधार होता. आणि ज्यांनी एकत्र येऊन गावोगावच्या रुग्णालयांची पाहणी केली, त्यांनी हा प्रश्न राष्ट्रीय परिषदेच्या पटलावर नेला. एकेकटीने शोधलेली वाट तिच्यापुरती राहिली. संघटितपणे मांडलेल्या प्रश्नाने धोरण हलवले.

मित्रहो, ही कथा सातासमुद्रापलीकडची म्हणून सोडून देता येत नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे भारतात शंभरातील साडेएकवीस बाळंतपणे सिझेरियनने झाली. सरकारी दवाखान्यांत 14 टक्के, खाजगीत 47 टक्के. महाराष्ट्राचे एकूण प्रमाण 25 टक्क्यांहून अधिक आहे. स्त्रीचा देह दोन्हीकडे सारखाच असताना एवढी तफावत केवळ वैद्यकीय कारणांनी पडत नाही. आणि आज झालेले प्रत्येक पहिले सिझेरियन उद्या हाच प्रश्न घेऊन परत येणार आहे. इथे बंदीची पाटी लावण्याचीही गरज पडत नाही. डॉक्टरांचा शब्द आणि सासरच्यांची भीती एवढ्यावर काम भागते. दुसऱ्या टोकाला असे तालुके आहेत की जिथे भूलतज्ज्ञ नाही, रक्तसाठा नाही. तिथे कळा सुरू झालेल्या स्त्रीला जिल्ह्याच्या गावी धाडले जाते आणि वाटेतला वेळ तिच्या नशिबावर सोडला जातो. एकीकडे नको ती शस्त्रक्रिया, दुसरीकडे हवी ती न मिळणे : ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत.

अशा वेळी स्त्रीच्या हाती काय आहे, हे कार्यकर्त्याला नीट ठाऊक हवे. पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद ही सर्वांत मोलाची वस्तू. छेद आडवा होता की उभा, शस्त्रक्रिया कशासाठी झाली, हे त्यावरून कळते. पोटावरच्या टाक्यांवरून गर्भाशयावरचा छेद ओळखता येत नाही. 2002च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे मागणी केल्यापासून 72 तासांत रुग्णाला हे कागद मिळाले पाहिजेत. उभा छेद असेल किंवा गर्भाशय पूर्वी उसवले असेल, तर प्रयत्नाचा हट्ट धरू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. चौकशी नवव्या महिन्यात न करता पाचव्या-सहाव्यात करावी : रात्री भूलतज्ज्ञ असतो का, रक्त कुठून येते, असा प्रयत्न इथे केला जातो का, नसल्यास का नाही. नकार मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. जवळचे वैद्यकीय महाविद्यालयाचे वा जिल्हा रुग्णालय गाठावे. घरी प्रयत्न करण्याचा सल्ला मात्र कोणीही देऊ नये.

आणि संमती. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले की, सज्ञान स्त्री स्वतः निर्णय घेण्यास समर्थ असता, आणीबाणी नसताना तिच्या आईची संमती तिची संमती ठरत नाही. आणि संमती पुरेशी माहिती देऊनच घेतली पाहिजे. आपल्याकडे नवऱ्याच्या वा सासऱ्याच्या सहीवर जे निभावून नेले जाते, त्याला या निकालाच्या कसोटीवर तपासले पाहिजे. 2021 साली महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांत रुग्णहक्कांची सनद समाविष्ट झाली आहे. ती दर्शनी भागी लावलेली आहे का, एवढे पाहणे कोणत्याही शाखेला अवघड नाही.

पण प्रत्येक गर्भवतीने कागद, कायदा आणि डॉक्टर यांच्याशी एकटीने झुंजावे, ही अपेक्षा न्याय्य नाही. नवव्या महिन्यात भांडण्याचे बळ कुठून आणायचे? म्हणून काम आपले आहे. तालुक्यातील कोणत्या रुग्णालयात चोवीस तास शस्त्रक्रियेची सोय आहे, याची यादी करणे. रुग्णकल्याण समितीत भूलतज्ज्ञाच्या रिकाम्या जागेचा प्रश्न लावून धरणे. खाजगी रुग्णालयांनी आपले सिझेरियनचे प्रमाण जाहीर करावे अशी मागणी करणे. सरकारी प्रसूतिगृहात कळांच्या वेळी धीर देणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकेची संख्या वाढवण्यासाठी झगडणे. यांतील एकाही कामाला वैद्यकीय पदवी लागत नाही.

शस्त्रक्रियेला विरोध करणे हा या प्रतिपादनाचा हेतू नाही. सिझेरियनने असंख्य माता आणि मुले वाचली आहेत, आणि विचारपूर्वक दुसरे सिझेरियन निवडणाऱ्या स्त्रीच्या निर्णयाचाही तितकाच मान राखला पाहिजे. मागणी एवढीच की, निवड तिची असावी, तिला संपूर्ण हिशेब सांगितला जावा, आणि जी निवड ती करील ती निभावण्याची साधने सार्वजनिक रुग्णालयात, पैशाचा विचार न करता, तिच्या वाट्याला यावीत. क्रेगिनचा इशारा शंभर वर्षे आज्ञा म्हणून वाचला गेला. तो पुन्हा इशारा म्हणून वाचायचा, तर त्याची सुरुवात पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वी विचारलेल्या प्रश्नापासून झाली पाहिजे, आणि तो प्रश्न विचारताना ती स्त्री एकटी असता कामा नये.