दारी आलेली आशा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी वैद्य नव्हे, निवृत्त शिक्षक. तेव्हा घरचीच गोष्ट सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या वाडीत आशाताई आल्या. हाती छापील तक्ता व मोजपट्टी. तिशीपुढची माणसे किती, तंबाखू-मिश्री कोण लावते, आईवडिलांना मधुमेह वा रक्तदाब होता काय, असे त्या विचारू लागल्या. आमचे दादा पहाटेच्या विरार लोकलने चर्चगेटला गेलेले. वहिनींनी "आमच्याकडे कोणी आजारी नाही" म्हणून त्यांना ओटीवरूनच वाटेस लाविले. पुढच्या पावसाळ्यात दादांना अर्धांगवायू झाला. रक्तदाब किती वर्षे मुकाट वाढत होता, ते आता कोण सांगणार?

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा नेमल्या गेल्या, त्या मुख्यतः बाळंतपण व लसीकरण यांसाठी. पुढे मधुमेह, रक्तदाब आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचा कर्करोग हुडकण्याचे कामही त्यांच्याकडे आले. तक्त्यात वय, कंबर, व्यसन, व्यायाम व घराण्यातील आजार यांना गुण असतात. ते चारांहून अधिक झाले की त्या माणसास तपासणीस आधी धाडावयाचे. स्त्रीची कंबर ८० व पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या आत असावी.

या भगिनी ह्या कामास सिद्ध आहेत काय? जामखेडास डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम आरंभिले. तेथे अक्षरओळखही नसलेल्या खेडुत स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. तेव्हा बुद्धीची शंका नको. अडचण निराळीच आहे. आशाताई दहाच्या सुमारास येतात, तेव्हा वसई-नालासोपाऱ्याचा पुरुषवर्ग कचेरीत असतो. नव्या इमारतींत तर रखवालदारच अडवितो. शिवाय सासूसमोर कोणती सून मिश्रीची कबुली देईल? आणि रोग सापडूनही दवाखान्यात गोळ्या नसल्या, तर दुसऱ्या खेपेस त्या बाईने कोणत्या तोंडाने यावे? मोबदला कामागणिक, बंद दारापुढच्या खेपेचे तिला काय मिळणार?

म्हणून माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे की, रविवारी सकाळी, पुरुष घरी असताना, आपले सभागृह तपासणीसाठी उघडे ठेवावे व परिचारिका आणि आशाताईंना रीतसर आमंत्रण द्यावे. पहिली मोजपट्टी माझ्याच कंबरेस लागावी. ती ९०च्या बरीच पुढे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.