वृद्ध लोककलावंत आणि आपले कर्तव्य



कळमना बाजारात माल घेऊन येणाऱ्या कित्येक शेतकऱ्यांनी दिवाळीनंतरच्या मंडईत खडी गंमतीच्या रात्री जागविल्या आहेत. ढोलकी-तुणतुण्याच्या साथीने रात्रभर उभ्याने गाणारा शाहीर वृद्ध झाला की गळा थकतो, बिदागी थांबते. अशा कलावंतांसाठी राज्य शासनाने १९५४-५५ पासून मानधन योजना राबविली असून, २०२४ मध्ये हे मानधन दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. वयाची पन्नाशी आणि किमान १५ वर्षांची कलासेवा अपेक्षित आहे. परंतु शाहिराजवळ सेवेचा कागद क्वचितच असतो. म्हणून ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी प्रत्येक मंडईत गाणाऱ्यांची नावे तारखेसह नोंदवून ठेवावीत, म्हणजे उतारवयात त्यांचा अर्ज पुराव्याअभावी अडणार नाही.