चुनखडीच्या जमिनींतील किनवा

किनवा हें अँडीज पर्वतांतील, टिटिकाका सरोवराकांठचें पुरातन धान्य. मिसर देशांत अलेक्झांड्रियाच्या पश्चिमेस, चुनखडीच्या जमिनींत, आतां त्याची लागवड करून पाहतात. तेथें खताचा पैसा मातींत जातो तो असा: स्फुरद घातलें तरी चुना त्यास बांधून ठेवतो. लोह व जस्तहि मुळांस मिळत नाहींत. कोंवळीं पानें पिवळीं पडतात. युरिया नुसता वर फेंकला तर त्यांतील नत्र अमोनिया होऊन हवेंत जातें. पीक उपाशी, आणि दोष मात्र बियाण्याला! यास्तव स्फुरद पसरूं नये. पेरणीच्या ओळीखालीं दोन बोटें खोल द्यावें. नत्र दोन-तीन हप्त्यांनीं मातींत मिसळून लागलीच पाणी सोडावें. लोह व जस्त पानांवर फवारावें. कुजलेलें शेणखत मात्र सढळ हातानें घालावें. त्याच्या योगानें स्फुरद अधिक काळ मुळांच्या उपयोगीं पडतें.